अंगणातून गेलेली रेषा

"झकास काम, लेपेकाबाई! याच रेषेवर गटार खोदू. पुढच्या महिन्यात यंत्रच लावतो," रस्तेखात्यातून परीक्षक म्हणून आलेले असोमुआसाहेब माझ्या नकाशावर बोट फिरवत म्हणाले.

मी जमीन कचेरीत वीस वर्षं टायपिंग केलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी सरकारी विद्यापीठात नगररचना शिकायला बसले, तेव्हा वर्गातली पोरं मला आजी म्हणायची. गेल्या वर्षी नापास झाले. या खेपेलाही झाले, तर कचेरी पुन्हा रजा देणार नव्हती. म्हणून परीक्षेच्या प्रकल्पाला आमच्याच गावाचं काम घेतलं, घराघरात शिरणारं पावसाचं पाणी समुद्राकडे नेणारं गटार. उतार मोजले, विमानातून काढलेल्या फोटोवरून घरं उतरवली.

साहेबांचं बोट आमच्या घरापुढे आलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तिथे बाबा होते.

आमच्या बेटावर सगळ्यांच्या अंगणात असतं तसंच थडगं, पायरीपुढे. त्यावर बसून आम्ही कोको पितो, धुणं वाळत घालतो, दुपारी भावाची पोरं त्यावरच लोळतात. त्याला अडथळा म्हणून नोंदवावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. फोटोतले ते पांढरे चौकोन मी अंगणातच धरले होते.

गप्प बसले असते तर पास होते. खरं सांगते, गप्पच बसावंसं वाटलं.

"साहेब, रेषा चुकलीय. इथं माझे वडील आहेत."

"वडील?"

"पुरलेत तिथं."

माझ्या मार्गदर्शक एलिसापेता मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं, त्याच घरात राहतेस ना तू? रोज ठेचकाळत असशील त्याला!"

"रोज बसते त्यावर, मॅडम. म्हणून तर दिसलं नाही."

साहेब हसले नाहीत. "एकच आहे, की आणखी?"

"आमच्या ओळीत अकरा."

"मग राहिलं काय या नकाशात?" त्यांनी गुणपत्रिका ओढली. "नापास करावं लागेल, बाई. कळतंय ना?"

"कळतंय."

"या आता."

मी हलले नाही. लाज वाटत होती, स्वतःचा रागही येत होता. पण तो कागद साहेबांच्या खात्यात जाणार होता. पेन्सिल घेऊन मी चौकोन काढू लागले. पट्टी लागली नाही. बाबा, मोठे काका, शेजारचा फिलिपो, त्याची आठ दिवसांची मुलगी. प्रत्येकाशेजारी नाव लिहीत गेले.

साहेब वाकून मोजत होते. "हा बारावा झाला. अकरा म्हणालात ना?"

"यात अजून कोणी नाही. बाबांच्या शेजारची ही जागा आईनं धरून ठेवलीय." मी पेन्सिल पुन्हा टेकवली. "तिचं नाव लिहू?"

"लिहा," साहेब म्हणाले आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून नकाशाचं टोक धरून उभे राहिले.