तारखेचा रकाना

ऑफिसात त्यांना सगळे आकडेमोडेकाका म्हणत. आडनाव ते नव्हतं, पण बावीस वर्षं शहरातल्या चोऱ्यामाऱ्यांची आकडेमोड करणाऱ्याचं खरं आडनाव लक्षात ठेवतो कोण? चोऱ्या काकांना तोंडपाठ होत्या. चोरी झालेला माणूस मात्र त्यांनी कधी जवळून पाहिला नव्हता. माणसांशी बोलायचं म्हटलं की ते फाईलमध्ये डोकं घालत.

या खेपेला त्यांच्याकडे टेबलांचं काम होतं. कारखान्यामागच्या वस्तीत चार कोपऱ्यांवर चार टेबलं मांडली होती. प्रत्येकावर रोज चार ते सात वस्तीतलंच एक निवृत्त माणूस बसे. काही चोरीला गेलं, कुणी त्रास दिला, तर तिथे सांगायचं. ते माणूस ऑफिसने दिलेल्या फॉर्मवर लिहून घेई आणि लागलं तर पोलीस ठाण्यात सोबत येई. टेबलं येण्याआधीच्या वर्षात चोऱ्या होत्या एकेचाळीस. नंतरच्या वर्षात एकशे अठरा! काकांनी अहवालात लिहून टाकलं, ‘गुन्हे घटले नाहीत, वाढले.’ ऑफिसच्या सोमवारच्या बैठकीत टेबलं उचलायचं ठरणार, हे उघड होतं.

शनिवारी सकाळपासून काका घरात येरझाऱ्या घालत होते. आकडा बरोबर होता, तीनदा तपासला होता. तरी कुठेतरी पाणी मुरत होतं.

“अहो, मग जाऊन बघा की एकदा,” बायको म्हणाली. “टेबल काही चावत नाही.”

चार वाजता काका गेले आणि खांबाआड उभे राहिले. टेबलामागे एक ठेंगण्या, करड्या केसांच्या बाई बसल्या होत्या. चाळीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून वस्ती त्यांना सिस्टरबाई म्हणे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“या, बसा. काय गेलं?”

“नाही, काही नाही...”

“पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात. बसा हो!”

काका बसले. तेवढ्यात एक शिवणकाम करणारी बाई आली, सोबत तिची धाकटी मुलगी. पोरगी आईपेक्षा वीतभर उंच.

“शिलाई मशीन गेलं माझं,” बाई म्हणाली.

“दार फोडून?”

“खिडकीतून. मी पाण्याला गेले होते.”

सिस्टरबाई लिहीत होत्या. काकांनी मान लांब करून पाहिलं. तारखेच्या रकान्यात आजची तारीख होती.

“आज गेलं का मशीन?” काकांनी कसंबसं विचारलं.

“आज कुठलं! ही रांगत होती तेव्हा.” बाईने लेकीकडे बोट दाखवलं. “तेव्हा ठाण्यात गेले तर हवालदार म्हणाला, मशीन सांभाळता येत नाही तर घेता कशाला? परत पायरी चढले नाही. आता सिस्टरबाई ऐकून घेतात, म्हटलं सांगून तरी टाकू.”

ती गेल्यावर काका पुटपुटले, “पण तुम्ही आजची तारीख घातलीत.”

“मग? दुखणं कधीचं का असेना, माणूस दाखल झालं तो दिवस लिहायचा. वॉर्डात जन्मभर हेच केलं. बाकीच्या तिन्ही टेबलांनाही मीच शिकवलं. आणि या फॉर्मवर तारखेचा रकाना एकच आहे. कुणा शहाण्याने केलाय कोण जाणे!”

काकांचे कान तापले. फॉर्म त्यांनीच केला होता. एका पानात मावावा म्हणून दुसरा रकाना काढूनही त्यांनीच टाकला होता.

“तो शहाणा मीच,” ते म्हणाले.

सिस्टरबाईंनी चष्मा काढून त्यांना नीट न्याहाळलं. “अगं बाई! मग चहा तरी घ्या.”

रविवारी काका आणि टेबलांवरची चौघं भरलेले फॉर्म घेऊन, चोरी खरी कधीची ते विचारत घरोघर फिरली. एकशे अठरापैकी एक्याऐंशी चोऱ्या जुन्या निघाल्या. कुठली चार वर्षांपूर्वीची, कुठली वीस.

सोमवारी बैठकीत काका खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. बसून बोललं तरी चालेल, असं ऑफिसच्या संचालकबाई म्हणाल्या. पण बसलो तर पुन्हा उठणार नाही, हे काकांना ठाऊक होतं.

“अहवाल चुकीचा आहे. चूक माझी, टेबलांची नाही. यंदाच्या चोऱ्या सदतीस.”

“म्हणजे एकेचाळिसाच्या सदतीस,” संचालकबाई म्हणाल्या. “हा काही मोठा फरक नाही.”

“नाही,” काकांनी कबूल केलं. खोटं रेटणं त्यांना जमलं नसतं. “चोऱ्या कमी झाल्या असं मी म्हणणार नाही. पण आधीचे एकेचाळीससुद्धा ठाण्याची पायरी चढलेले तेवढेच. खरे किती होते, मला माहीत नाही. एक्याऐंशी माणसं इतकी वर्षं गप्प होती, एवढं माहीत आहे. टेबलं आत्ता उचलली तर पुढचंही कळणार नाही.”

मग संचालकबाईंनी छापलेला अहवाल उलटा करून ठेवला.

“आणखी एक वर्ष. फॉर्म मात्र आजच बदला.”

दुपारी छपाईवाल्याने नवा फॉर्म हातात घेतला आणि डोकं खाजवलं.

“काका, ‘केव्हा घडलं’चा रकाना अर्धं पान खातोय. तारखेला एवढी जागा कशाला?”

“राहू दे,” काका म्हणाले. “धाकटी रांगत होती तेव्हा, एवढं मावलं पाहिजे.”