कपाटात शिरणारी मालगाडी

सासूबाई घरी राहायला आल्या आणि चष्मेवाल्याची आगगाडी बेघर झाली.

चष्मेवाला म्हणजे काही दुकानाचा मालक नव्हे. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा फ्रेमच्या मापाला घासून देणारा माणूस. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही, हा त्याचा बाणा, आणि या बाण्याचा त्याला थोडा माजही होता. घरी मागच्या लहान खोलीत त्याने खेळण्यातल्या आगगाडीसाठी डबल बेडएवढी लाकडी पाटी मांडून तिच्यावर डोंगर, पूल, बोगदे असा सगळा संसार थाटला होता. पण सासूबाई न्हाणीघरात पडल्या, आधाराशिवाय उभं राहता येईना, त्यांचं एकटं राहणं बंद झालं आणि ती खोली त्यांना द्यावी लागली. देताना त्याने तोंडातून ब्र काढला नाही. डोंगर खोक्यांत गेले, खोकी माळ्यावर गेली. सासूबाईंनी येताना आपल्या घरातलं एकच सामान आणलं होतं, एक जाडजूड लाकडी कपाट. ते भिंतीच्या एका टोकाला उभं राहिलं.

चष्मेवाला आठवडाभर गप्प गप्प होता. त्याची बायको दवाखान्यात परिचारिका. आजारी माणूस तिला लांबूनही ओळखू येतो.

"अहो, आईच्या पलंगाच्या वरती एक फळी मारून घ्या," ती म्हणाली. "खिडकीपासून कपाटापर्यंत. वीतभर रुंद. त्यात काय बसतंय ते बसवा. पण एक बोटही जास्त मागायचं नाही."

वीतभर! दुसरा कुणी असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. चष्मेवाल्याची मात्र कळी खुलली. डोंगर गेले तर गेले. तो आता मालगाडीचं यार्ड करणार होता. बाजूचे तीन रूळ, गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे दोन सांधे आणि एका टोकाला माघारीचा रूळ. इंजिनाने डबे ओढत त्या माघारीच्या रुळावर जायचं, सांधा बदलायचा आणि डबे दुसऱ्या रुळावर ढकलायचे. कुठला डबा कुणाच्या पुढे, कुठला मागे, हे लावता लावता भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. गाडी कुठेही जात नाही, पण काम संपत नाही.

जेवणाच्या टेबलावर त्याने फळीच्या मापाचा कागद पसरला, त्यावर रूळ आखले आणि पुठ्ठ्याचे डबे कापले. दूध, पीठ, लाकूड, कोळसा, सिमेंट अशी नावं त्यांवर लिहिली आणि बोटाने ते इकडून तिकडे सरकवत बसला. ताटं मांडायची वेळ झाली की बायको कोळशाचा डबा चमच्याने बाजूला करी. तो म्हणे, "अगं, हळू. मधे सांधा आहे." ती म्हणे, "मधे आमटी आहे." असं करत करत नकाशा पक्का झाला. कुठल्याही क्रमाने डबे लावायला सांगा, पुठ्ठ्यावर तो क्रम लागायचाच. मग त्याने फळी ठोकली आणि खरे रूळ चिकटवायला घेतले.

आणि तेवढ्यात मेहुणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. माणूस प्रेमळ, पण त्याचं प्रेम नेहमी मोठ्या खोक्यातून येई. दारातूनच त्याने जाहीर केलं, "आईला टीव्ही घेतोय. भिंतीभर! रविवारी आणून लावतो." मग त्याची नजर फळीवर गेली. "भावोजी, हे काय? यावर गाडी जाणार कुठं? दोन पावलं पुढं, दोन पावलं मागं. शेवटी हातानेच डबे उचलून ठेवाल. आम्ही नाही का पाहिलं तुम्हाला?"

हे मात्र वर्मी लागलं. जुन्या पाटीवर गाडी अडकली की चष्मेवाला इकडे तिकडे बघून गुपचूप हाताने ढकलायचा, हे घरात सर्वांना ठाऊक होतं.

"हात लावणार नाही," तो ताडकन म्हणाला. "तू चिठ्ठ्या काढ. ज्या क्रमाने चिठ्ठ्या येतील त्या क्रमाने गाडी लावून दाखवतो. रविवारी, तुझ्या समोर."

"आणि हात लागला तर?"

यावर निकाल बायकोने दिला. दवाखान्यात रोज दहा नातेवाइकांची भांडणं मिटवायची सवय. "हात न लावता जमलं तर भिंत यांची. इंजिनाला नाहीतर डब्याला एकदा जरी हात लागला तर फळी काढायची आणि टीव्ही लावायचा. मग मला कुणी काही ऐकवायचं नाही."

घरात दुसरी भिंत नव्हती. फळी गेली असती तर इंजिनही माळ्यावर गेलं असतं, आणि माळ्यावर गेलेली वस्तू या घरात परत खाली उतरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सासूबाई पलंगावर बसून सगळं ऐकत होत्या. त्यांना टीव्ही हवा की नको, हे मात्र कुणी विचारलं नाही.

शनिवारी दुपारी दुकान लवकर बंद झालं. चष्मेवाल्याने शेवटचा रूळ चिकटवला, तारा जोडल्या आणि छाती फुगवून इंजिन रुळावर ठेवलं. इंजिनाने तीन डबे ओढले, माघारीच्या रुळावर शिरलं आणि कपाटाला जाऊन थडकलं. तिसरा डबा अजून सांध्यावरच होता.

त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा थड. सांध्यावर डबा उभा असेपर्यंत सांधा हलणार नाही, आणि सांधा हलला नाही तर सगळं यार्डच ठप्प. त्याने धावत जाऊन नकाशा आणला. कागदावर तिन्ही डबे त्या रुळावर ऐटीत मावत होते. मग कुठं घोडं पेंड खातंय? त्याने पुठ्ठ्याचे डबे कागदावर ठेवले, ते सरकवायला बोट लावलं आणि तसाच थिजून बसला.

इंजिन कापलंच नव्हतं! इतके दिवस इंजिन म्हणून त्याचं बोटच धावत होतं. बोटाला लांबी लागत नाही, बोट वरून येतं आणि वर जातं. साऱ्या गावाच्या चष्म्यांच्या काचा मापात बसवणारा हा पठ्ठ्या, ज्याच्यासाठी सारा खटाटोप केला त्या इंजिनालाच उभं राहायला जागा ठेवायला विसरला होता.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. एका वेळी दोनच डबे ओढून पाहिले. काही क्रम लागत होते, काही सात जन्मांत लागले नसते, आणि मेहुण्याच्या नशिबाने नेमक्या वाकड्या चिठ्ठ्या निघणार याची त्याला खात्री होती. रूळ उखडून खिडकीकडे सरकवावे तर तिकडे भिंत संपलेली. बायकोकडे बोटभर जास्त मागायची सोय नव्हती. तो खुर्चीत बसून राहिला. त्याला रडू येत होतं, आणि या वयात खेळण्यासाठी रडू यावं याची लाजही वाटत होती.

"जावईबापू," पलंगावरून आवाज आला, "काय अडलं?"

"काही नाही, आई. तुम्ही पडा."

"आल्यापासून पडूनच आहे मी. सगळे मला तेच सांगतात. सांगा, काय अडलं?"

त्याने सांगितलं. सासूबाईंनी आयुष्यभर साबणाच्या कारखान्यात गोदाम सांभाळलेलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि इंजिनाऐवजी बोट धावत होतं हे ऐकताच त्या खुदकन हसल्या. त्या या घरात आल्यापासून पहिल्यांदाच हसत होत्या.

"म्हणजे इंजिनाला उभं राहायला जागा पाहिजे, एवढंच ना? मग कपाटात घाला."

"कपाटात?"

"बाजूला भोक पाडा. मधला कप्पा आहे तिथंच येईल तुमची फळी. माझे स्वेटर सरकवून ठेवते."

"आई, तुमच्या घरातलं एकुलतं एक कपाट आहे ते. त्याला मी करवत लावू?"

"जावईबापू," सासूबाईंचा आवाज एकदम बदलला, "मी आले आणि तुमचे डोंगर खोक्यात गेले. तुम्ही काही बोलला नाहीत. मला रोज रात्री ते छताकडे बघून आठवायचं. मला इथं फार ओशाळल्यासारखं होतंय. आता माझ्या कपाटाला एक भोक पडू द्या, म्हणजे मला जरा बरं वाटेल. आणि तो टीव्ही? दिवसभर कुणाचं तरी रडणं बघायला मला वेळ नाही."

चष्मेवाल्याने मान डोलावली आणि तो करवत आणायला गेला.

भोक मात्र त्याने आपल्या बाण्याला साजेसं पाडलं. इंजिन जेमतेम जाईल एवढं, कडा घासून काचेसारख्या गुळगुळीत. आतला कप्पा दोन बोटं खाली होता, त्यावर लाकडाची पट्टी ठेवून त्याने रूळ सलग केला. सासूबाई पलंगावर बसून "डावीकडे, अजून, बास" करत होत्या. बायको कामावरून आली, तिने भोक पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "बोटभर जास्त नाही म्हटलं होतं."

"फळी तेवढीच आहे," सासूबाई म्हणाल्या. "कपाट माझं आहे."

परिचारिकेने मग भोकाच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं, कूस लागत नाही ना.

रविवारी मेहुणा हजर झाला. टीव्हीचं खोकं त्याने धापा टाकत खोलीच्या दारात उभं केलं, भिंतीला टेप लावून मापही घेतलं, आणि मग टोपीत हात घालून चिठ्ठ्या काढल्या. सिमेंट, दूध, कोळसा, पीठ, लाकूड. याहून वाकडा क्रम शोधून सापडला नसता.

पण इंजिन निघालं. तीन डबे घेऊन ते कपाटाकडे गेलं आणि डब्यांसकट आत गडप झालं. मेहुण्याचा जबडा खाली आला. "अरे, हे कुठं गेलं?" सांधा खटकन बदलला, डबे भोकातून बाहेर आले आणि सिमेंट आपल्या जागी जाऊन उभं राहिलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दूध लागलं. कोळसा लागला. पीठ लागलं. मेहुणा खुर्ची सरकवत सरकवत फळीपाशी येऊन बसला होता.

लाकडाच्या डब्यासाठी गाडी शेवटची आत गेली, आणि बाहेर येईना. चाकं गरगर फिरल्याचा आवाज कपाटातून येत होता. सासूबाईंच्या लक्षात आलं. "स्वेटर घसरला मेला!" त्यांनी कपाटाच्या दाराकडे हात नेला.

"हात! हात!" मेहुणा ओरडला.

"स्वेटरला लावतेय रे, गाडीला नाही!"

तसं पाहिलं तर सासूबाईंचं बरोबर होतं. पण चष्मेवाल्याला आज असं तसं जिंकायचं नव्हतं. "आई, राहू द्या," तो म्हणाला. त्याने वेगाचं बटण अगदी शून्यावर आणलं. मग काच घासताना रोखतो तसा श्वास रोखून, तीळभर पुढे, तीळभर मागे, असं इंजिन आतल्या आत हलवत राहिला. चाकांचा आवाज बदलला. कशाला तरी पकड मिळाली. लाकडाचा डबा भोकातून बाहेर आला, आणि त्याच्यामागून डोक्यावर स्वेटरची बाही घेतलेलं इंजिन आलं. भोक मापातलं होतं, बाहीला जागा नव्हती. ती कडेला अडकली, ओघळली आणि आतच राहिली. इंजिन तेवढं बाहेर आलं. टक् करून लाकडाचा डबा पिठाच्या डब्याला लागला.

सिमेंट, दूध, कोळसा, पीठ, लाकूड. चिठ्ठ्यांबरहुकूम.

चष्मेवाल्याने दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवले आणि मग तो ओरडलाच, इतका मोठ्याने की शेजारच्या घराची खिडकी उघडली. सासूबाईंनी त्याहून मोठ्याने टाळ्या वाजवल्या. इतका आनंद त्याला डोंगर आणि बोगदे होते तेव्हाही कधी झाला नव्हता.

मेहुण्याने चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. मग त्याने हळूच चिठ्ठ्या टोपीत टाकल्या आणि वेगाच्या बटणाकडे हात नेला. "भावोजी, आता मी करू?"

"तुझा नंबर नंतर," सासूबाईंनी बटणाची पेटीच स्वतःकडे ओढून घेतली. त्या पलंगावरून केव्हा उठल्या आणि कुणाचाही आधार न घेता फळीपाशी येऊन उभ्या राहिल्या, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. "आधी मी."

बायकोने आपल्या आईला पायांवर उभी पाहिली. मग डोळे पुसून तिने दारातल्या खोक्यावर थाप मारली.

"हे परत घेऊन जा रे," ती भावाला म्हणाली. "भिंत भरली."