ओट्याकडले, तुळशीकडले

"अजून एकदा लाव," जानकीबाई म्हणाल्या.

"आये, आत्ताच लावलावता. तीच बाय बोलते, आवाक्याच्या बाहेर हाय म्हनून."

"त्या बायला काय कलतंय. तू लाव."

मृणालीने सासूच्या समाधानासाठी पुन्हा बटणं दाबली. फोन कानाला लावून तिने नकारार्थी मान हलवली, तशी जानकीबाईंनी नजर काढून घेतली. कुणाल, त्यांचा एकुलता एक, काल संध्याकाळी धामणकर नाक्यावरून कापडाच्या गाठी भरून टेम्पो घेऊन सुरतेला गेला होता. सकाळी घरात असेन, गौरीच्या फेराला मीच उभा राहीन, असं आईच्या गळ्याची शपथ घेऊन सांगून गेला होता. आता सकाळ सरली, जेवणवेळ टळली, उन्हं तुळशीवरून ओट्याकडे सरकू लागली. जानकीबाईंच्या पोटात पहाटेपासून पाण्याखेरीज काही नव्हतं. गौर उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम.

अंगणात चिंधूबाबा ढोलकीची दोरी ताणत बसला होता. आत पाटावर तेरड्याची गौर साडी नेसून तयार होती. फेर झाल्याशिवाय ती उठायची नाही.

भिवंडीच्या खाडीकाठच्या या आगरी गावातला फेर इतर कुठे पाहायला मिळायचा नाही. अंगणात समोरासमोर दोन ओळी. ओट्याच्या अंगाला दादले, म्हणजे घरोघरचे नवरे. तुळशीच्या अंगाला सवाशिणी. हाळी देणारी बाई फेराबाहेर, ओसरीच्या खांबाशी उभी राहणार आणि ढोलकीवर सांगणार: दादले पुढं या, सवाशिनी वळा, जागा बदला, जागा घ्या. जानकीबाईंच्या सासूने मरताना ही हाळी त्यांच्या गळ्यात घातली. विधवा असूनही सणाच्या दिवशी त्यांचा आवाज अंगणात चालायचा, तो एवढ्यामुळेच. पाय मात्र ओसरीवरच.

आणि या फेराचा एक दंडक होता. ओळीतली जागा रिकामी ठेवायची नाही.

यंदा ओट्याच्या अंगाची ओळ म्हाताऱ्याच्या दातांसारखी दिसत होती. निम्मे पुरुष गोडाऊनच्या ड्युटीवर, सुट्टी मिळाली नाही. पोरं मंडळाच्या डीजेपुढे. जे आले होते त्यांत जानकीबाईंचे दीर केसरीनाथ, तेही दुखरा गुडघा चोळत.

"वैनी, कुनाल येल तवा येल," केसरीनाथ म्हणाले. "त्याच्या जाग्याव मृणालीला उबी कर. समोर शेजारची पोर उबी राहील. बाकीच्या सुनाबी इकडं घे. गौर काय हजेरी घेते का?"

बायका हसल्या. मृणालीने पदर खोचला आणि ओट्याच्या अंगाला निघाली.

जानकीबाईंनी तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी पिचली.

"तिकडं नको."

"कनाला, आये?"

कारण सांगायचं तर ते तोंडातून काढावं लागणार, आणि आजच्या दिवशी ते तोंडातून काढणं म्हणजे अरिष्टाला घराचा पत्ता देणं. ही पोर अंबाडीकडची. सासरा खाडीत गेला एवढंच तिला ठाऊक. त्या वर्षी जानकीबाईंचा नवरा, दौलत, रेतीच्या होडीवरून वेळेत परतला नव्हता, फेर खोळंबला होता, आणि सासूनेच सांगितलं होतं, जा गो, नवऱ्याच्या जाग्याव तूच उबी राव. नवी नवरी जानकी, पोटात कुणाल, हसत हसत उभी राहिली होती. दौलत संध्याकाळी आला, गौर बोळवायलाही गेला. आणि आठवडा सरायच्या आत होडी उलटली. सुतकात बसलेल्या बायकांत कुणीतरी हळूच म्हणालं होतं, जाग्याव उबी राहिली, जागा रिकामी झाली. हळूच, पण ऐकू येईल इतपत.

ते म्हणणारी धोंडूबाई आता ओसरीच्या भिंतीला टेकून इतर विधवांबरोबर बसली होती. आळीतली सगळ्यांत म्हातारी, जिभेला धार.

"सांग ना तिला," धोंडूबाई म्हणाली. "का मी सांगू?"

"धोंडूबाय, पाया परते तुझ्या."

धोंडूबाईने मान फिरवली. चिंधूबाबाचा हात ढोलकीच्या दोरीवर थांबला होता. सगळं अंगण जानकीबाईंकडे पाहत होतं. मृणालीला उभी केली तर कुणाल. जागा रिकामी ठेवली तरी कुणाल. फेर मोडला तर गौर रुसून जाणार, मग कुणापुढे पदर पसरायचा? देवी, तूच आई, तूच सांग, असं मनात म्हणत त्या उभ्या राहिल्या. ओसरीच्या फरशीवर त्यांचे तळवे घामाने चिकटले होते.

मग त्यांनी ते सोडवले. पदर डोक्यावरून पुढे ओढला, ओसरीची पायरी उतरल्या, आणि कुणालच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

"वैनी," केसरीनाथ चाचरले. "तू? फेरात?"

"माजा दादला कवाच गेला, भावजी. आता ही जागा माज्याकडनं आनखी काय नेनार?"

आवाज इतका बारीक होता की मागच्या बायकांना तो ऐकूच गेला नसावा. नवरा गेला होता, पण मुलगा होता ना. जागेला हा भेद कळत असेल का? त्यांनी डोळे मिटून घेतले. न्यायचंच तर मला ने. मी हितं उबी हाय, शोधायला लांब जायला नको.

मृणाली मुकाट्याने त्यांच्या समोर, तुळशीच्या अंगाला, उभी राहिली. ओळीत अजून खिंडारं होती. जानकीबाईंनी ओसरीकडे पाहिलं.

"या गो."

विधवा बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"आमी?" धोंडूबाई म्हणाली. "सनाच्या दिशी? लोकं काय म्हनतील?"

"लोकं डीजेकडं हायत."

कुणीतरी फिसकन हसलं. धोंडूबाई भिंतीचा आधार घेत उठली. "चिंधू, बडव तुजी ढोलकी. मेले पाय आखडलेत बसून बसून." तिच्या मागून बाकीच्या उतरल्या. कोऱ्या कपाळाच्या, रित्या हाताच्या बायका एकेका नवऱ्याच्या जागी उभ्या राहिल्या आणि ओट्याची ओळ भरली.

ढोलकी सुरू झाली. हाळी देण्यासाठी जानकीबाईंनी तोंड उघडलं आणि त्या पहिल्याच शब्दाशी थांबल्या. दादले. कुणाला म्हणायचं? आणि म्हटलं, तर तो शब्द अंगणाबाहेर पडून हायवेने कुणाकुणाला शोधत जाईल? चिंधूबाबाने तोच ठेका पुन्हा धरला. त्यांनी समोर पाहिलं. तुळस होती. पाठीला ओटा होता.

"ओट्याकडले," त्या म्हणाल्या, "पुढं या."

कुणी हललं नाही.

"कोन?" केसरीनाथांनी विचारलं.

"तू ओट्याकडं उबा हायस ना? मग तूच."

"नि ह्या?"

"ह्याबी ओट्याकडंच हायत. पुढं या. तुलशीकडले, वळा."

ओळी हलल्या. आधी अडखळत, एकमेकींच्या पायांवर पाय देत, मग हळूहळू ठेक्यात. ओट्याकडले टाळी द्या. तुलशीकडले बसा. त्या शब्दांत सगळ्यांना जागा होती. केसरीनाथांचा गुडघाही त्यात मावला. धोंडूबाई शेजारून जाताना कानाशी पुटपुटली, "सासूची हाळी बदललीस गो तू. उद्या गौरीला काय म्हनशील, पाटावरली?"

जानकीबाईंना हसू आलं नाही. जागा बदला असं स्वतःच सांगून त्या तुळशीकडे जायच्या, आणि तेवढा वेळ पाठीमागची ती जागा उघडी पडायची. मृणाली तिथे पोहोचायच्या आत, ढोलकीच्या एका थापेपुरती, तिथे कुणीच नसायचं. समोरून मृणाली अंगावर येतेय हेही न पाहता त्या मागे धावायच्या.

"आये, घाई कनाला? ठेका चुकतोय," मृणाली म्हणाली.

"चुकू दे."

फेर पुरा झाला. गौर उठली. केसरीनाथांनी पाट डोक्यावर घेतला, बायका गाणं म्हणत मागे निघाल्या, आणि मृणालीच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. तिने एका कानात बोट घातलं.

"हॅलो? हॅलो, कुठं हाय? ... आये, अंबाडीला पोचलेत. टायर फुटलावता, सकालपासून मनोरच्या पुढं रानात होते, रेंज नव्हती. येतायत आता." मग फोनकडे बघत, "कट झाला."

"त्याचाच आवाज होता?"

"खरखर होती जाम. पन त्यांचाच, आये. मना कलत न्हाय का?"

जानकीबाईंनी मान हलवली. अंबाडीपासून घरापर्यंतचा रस्ता त्यांना माहीत होता. खड्डे, कंटेनर, सणाची गर्दी.

"चला ना. गौर निघाली."

"तुमी जा. मी हितं हाय."

"फेर झाला, वैनी," पाटाखालून केसरीनाथ म्हणाले. "आता मोकली झाली जागा."

जानकीबाईंनी कुणालच्या जागेवरून पाय हलवला नाही. मृणालीने एकवार सासूकडे, एकवार सासूच्या पायांकडे पाहिलं. मग आत जाऊन तिने नैवेद्याचं ताट आणून ओट्यावर झाकून ठेवलं आणि गौरीमागे गेली.

गाणं खाडीच्या दिशेने लांब गेलं. अंगणात चुरगळलेला तेरडा पडला होता, एक कोंबडी त्यातून वाट काढत दाणे टिपत होती. नेम पुरा झाला होता, जेवायला हरकत नव्हती. ताट चार पावलांवर होतं. जानकीबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि पाय तिथेच ठेवले.

थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की अंगणात त्या एकट्या नाहीत. ओळीच्या दुसऱ्या टोकाला धोंडूबाई उभी होती, तिला दिलेल्या जागेवर, कमरेवर हात ठेवून.

"तू न्हाय गेलीस?" जानकीबाईंनी विचारलं.

"पाय आखडलेत," धोंडूबाई म्हणाली. तिने जानकीबाईंकडे बघितलं नाही. "येल तो. तवर राहू."

दोघींमधली ओळ रिकामी होती. रस्त्यावर टेम्पो वाजला की दोघींच्या पायांची बोटं मातीत रुतायची. आवाज वळणावरून पुढे निघून गेला की दोघी तशाच, तेवढ्याच अंतरावर, पुढच्या आवाजाला कान लावायच्या.