मंगळवारच्या सात नोंदी

देवदत्तने शिवाजी पार्कच्या घरातले दिवे, पंखे, दार सगळं मोबाइलवर आणलं, तेव्हा आईच्या पलंगाशीही एक बटण बसवून घेतलं. आईला आधाराशिवाय चालता येत नसे आणि दुपारी घरात कोणी नसे. तिने बटण दाबलं की लोअर परळच्या ऑफिसात त्याचा फोन वाजे आणि पडद्यावर दोन शब्द येत: ‘येतो’ आणि ‘नंतर’. आल्यागेल्याला तो हे बटण मोठ्या कौतुकाने दाखवी.

मंगळवारी दुपारी आई बाथरूमकडे एकटीच निघाली आणि पडली. रमाबाई स्वयंपाकाला येईपर्यंत दोन तास ती फरशीवर होती. मनगट मोडलं. बहीण प्राची शीवहून धावत आली, तेव्हा देवदत्तने सरळ सांगून टाकलं की बेल वाजलीच नाही, आणि सगळं खापर बटण बसवणाऱ्या सुशांतवर फोडलं. प्राचीने सुशांतला फोनवर नाही नाही ते ऐकवलं. तो एवढंच म्हणाला की बेल कधी वाजली, कोणी काय केलं, सगळं सिस्टिमच्या लॉगमध्ये असतं. रविवारी येऊन बघतो.

रविवारी तो यायच्या आधी देवदत्तने बाथरूममध्ये कोंडून घेऊन लॉग उघडला. मंगळवारी दोन ते अडीच, सात ओळी. प्रत्येकीपुढे ‘नंतर’. मीटिंग होती हे खरं, पण ती सव्वादोनलाच संपली होती. शेवटच्या चार वेळची बेल त्याने कॅन्टीनमध्ये कॉफी पिताना बाजूला सारली होती. त्याने सातही नोंदी काढून टाकल्या आणि तोंड धुतलं.

सुशांत लालबागहून वेळेवर आला. त्याने लॉग उघडला आणि सगळ्यात वरच्या ओळीवर थांबला: ‘आज, ९.४२. देवदत्त. सात नोंदी काढल्या.’ पुसल्याचीही नोंद होते, हे या शहाण्याला ठाऊक नव्हतं. सुशांतने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“काय दिसतंय?” प्राचीने विचारलं.

तेवढ्यात आई पलंगावरून म्हणाली, “त्याचं काही चुकलं नाही गं. मीच बटण दाबलं नव्हतं.”

मग प्राची आईवर घसरली. एवढं करून ठेवलंय तुझ्यासाठी, तुला साधं बटण दाबता येत नाही? आई मान खाली घालून सगळं ऐकून घेत होती. देवदत्तला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तिला बोलू नकोस,” तो म्हणाला. “तिने सात वेळा दाबलं. मी सातही वेळा ‘नंतर’ केलं. आणि आज सकाळी पुसून टाकलं. सुशांत, तुझ्यावर खोटा आळ घेतला मी.”

प्राची मटकन खुर्चीत बसली. सुशांतने हातातलं काम तेवढं पुरं करायचं ठरवलं.

“आजी, एकदा दाबून बघा. वाजतंय का तपासू.”

आईचा चांगला हात बटणापर्यंत गेला आणि मागे आला.

“राहू दे,” ती म्हणाली. “उगाच त्याचा फोन वाजेल.”