क्लचवरचा पाय

रुपराव मिस्त्रीने माझ्या गाडीचं फ्लायव्हील काढून समोर ठेवलं. क्लचप्लेट ज्यावर घासते त्या या जाड लोखंडी चकतीवर चरे पडले होते, तापून निळे डाग उमटले होते.

"कोणीतरी क्लचवर पाय ठेवूनच चालवते," तो म्हणाला.

"बायको. दुसरं कोण? रोज मिहानले ऑफिसात घेऊन जाते, सांगून सांगून थकलो."

फ्लायव्हील खरादवर, म्हणजे लेथवर, घासून चालणार होतं. पण क्लचप्लेट बदलू की तीच ठेवू? अर्धी झिजली होती, म्हणजे अर्धी शाबूतही होती. माझं डोकं चालेना.

महाल भागातल्या खरादवाल्याकडे निघालो. जड फ्लायव्हील मांडीवर घेऊन रुपराव बाजूला बसला, म्हणून त्याची गाडी मी चालवली. प्लेटच्याच विचारात दोन चौक गेले.

"प्लेट नवीनच टाका भाऊ," तो शांतपणे म्हणाला. "अन् पाय उचला. ही गाडी माझी आहे."