वन्संनी तक्त्यात लिहिलं ते

बोलतात म्हणून आजवर कितीतरी मुलांना शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी ग्रंथालयाबाहेर काढलं होतं. त्यामुळे शिक्षकांच्या संगणक प्रशिक्षणात त्याच बाई मागच्या बाकावर बसून चित्रकलेच्या सरांशी कुजबुजताहेत, हे पाहून सगळ्यांना गंमत वाटत होती.

शिकवायला आलेली मॅडम म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको, हे खरं दुखणं. घरी कपडे कसे वाळत घालायचे इथपासून सगळं हिला बाईंनी शिकवलेलं, आणि आता हिनं त्यांना माऊस कसा धरायचा ते सांगायचं. सकाळी चहा घेतानाच त्यांनी बजावलं होतं, "तिथे मला वन्सं म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार. पण तुम्हीही मला 'अगं ए' करायचं नाही," भावजय म्हणाली.

त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांच्या संगणकांवर एकच तक्ता उघडून दिला. प्रत्येकानं त्यात आपल्या आवडीच्या एका पुस्तकाचं नाव लिहायचं होतं. कोणीही लिहिलं की ते सगळ्यांना दिसायचं, पण कोणी लिहिलं ते दिसत नव्हतं. बाईंनी इकडे तिकडे पाहिलं, आणि एका रिकाम्या चौकोनात एका बोटानं टाइप केलं : 'मॅडम घरी रोज दूध उतू घालवतात.'

वर्गात खसखस पिकली. भूगोलाच्या बाईंनी खाली लिहिलं, 'रोज?' ग्रंथपाल बाईंनी त्याखाली शांतपणे टाइप केलं, 'रविवारी दोनदा.'

मॅडम भिंतीवरच्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. कोणी काय लिहिलं ते कसं शोधायचं, हे आता शिकवणारच होते."

त्यांनी एक बटण दाबलं. पडद्याच्या कडेला नावं उमटली आणि दुधासमोर ग्रंथपाल बाईंचं नाव ठसठशीत झळकलं. बाईंनी घाईघाईनं मजकूर पुसून टाकला.

"आणि पुसलेलंही परत आणता येतं," मॅडम म्हणाल्या. दूध पुन्हा पडद्यावर आलं.

चित्रकलेचे सर अंग चोरून पलीकडे सरकले. उठून निघून जावं असं बाईंना वाटलं, पण दुसऱ्याच क्षणी डोक्यात काहीतरी चमकलं आणि त्यांनी हात वर केला.

"मॅडम, ग्रंथालयाच्या यादीत मुलांनी वात्रटपणा केला, तर कोणी केला तेही असंच कळेल?"

"कळेल ना."

"आणि कधी केला ते?"

"वेळेसकट."

बाईंनी चष्मा पुसला, पर्स उचलली आणि थेट पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. त्यानंतर त्यांनी इतके प्रश्न विचारले, की वर्ग सुटेपर्यंत गणिताचे सर तीनदा घड्याळ बघून उसासले.

वर्ग संपल्यावर दोघी बरोबरच घरी निघाल्या. वाटेत बाईंनी विचारलं, "प्रशिक्षणाच्या अहवालात माझ्याबद्दल काय लिहिलंस?"

"हुशार आहेत, पण शेजाऱ्याशी बोलतात."

"दाखव बघू मला तो अहवाल."

"पाठवते रात्री," भावजय हसू दाबत म्हणाली. "पण वन्सं, तुम्हाला तो फक्त वाचता येईल. त्यात लिहिता येणार नाही."

बाई रस्त्यातच थांबून हसायला लागल्या. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "ते कुलूप कसं लावतात, ते उद्या सगळ्यात आधी शिकव."