नळी पुढून काढा

गोपाळकृष्णराव चोपदारांच्या घराण्यात सात पिढ्या कोणी कोणाच्या मागून चाललं नव्हतं. त्यांचे आजोबा वारले तेव्हासुद्धा तिरडी मडकंवाल्याला मागे टाकून पुढे निघाली होती, असं उज्जैनात अजून सांगतात. आणि उज्जैनात कोणी खोटं बोलत नाही.

घराण्याचं काम एकच. संस्थानचे सुभेसाहेब बाहेर पडले की चांदीची काठी घेऊन त्यांच्या पुढे चालायचं आणि ते येत असल्याची वर्दी ओरडून द्यायची. या ओरडण्याला चोपदार ‘राज्यकारभारातला आमचा वाटा’ म्हणत. आजोबांनी छत्री चौकात ललकारी दिली की देवासचा नाकेदार दचकून उठायचा आणि नाका उघडायचा. सुभेसाहेब देवासला जाणारच नसायचे, ही गोष्ट वेगळी.

मग देश स्वतंत्र झाला, संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं. हत्ती गेला, काठी सरकारजमा झाली. सुभेसाहेबांच्या जागी कलेक्टर आला. तो जीपमधून यायचा आणि त्याच्या आधी कोणी ओरडलेलं त्याला खपायचं नाही. गोपाळकृष्णरावांकडे नुसता आवाज उरला. तो ते घरात वापरत.

“अहो, मीठच तर मागताय,” विनोदिनीबाई म्हणायच्या. “सारी गल्ली कशाला परेशान करता?”

आता वर्षातून एकच दिवस उरला होता, अनंत चतुर्दशी. मराठी मंडळाचा गणपती फ्रीगंजातून राम घाटावर जायचा तो संस्थानच्या हत्तीवरून, आणि हत्तीच्या पुढे चोपदार. हत्ती नाही म्हटल्यावर गोपाळकृष्णरावांनी लष्कराच्या लिलावातून एक हिरवी पिकअप गाडी उचलली आणि मंडळाच्या सभेत जाहीर केली. गणपती मागच्या हौद्यात, आपण चाकाशी, आणि दोघंही मिरवणुकीच्या तोंडाशी. हौदा हा शब्द त्यांनी मुद्दाम दोनदा उच्चारला.

मंडळाचे चिटणीस विनायकराव लेले हे रेल्वेतले. चार वर्षांपूर्वी पुण्याहून बदलून आलेले. देवसुद्धा वेळापत्रकाप्रमाणेच प्रसन्न होतो यावर त्यांची श्रद्धा.

“गाडी देता, उपकार आहेत,” ते म्हणाले. “पण चोपदार, तिला सायलेन्सर नाही. परवा तुम्ही टावर चौकातून गेलात आणि माझ्या चहात छताचा चुना पडला.”

“मग छत दुरुस्त करा.”

“आधी सायलेन्सर बसवा. त्याशिवाय गाडी घेणार नाही. आणि क्रम असा: पुढे लेझीम, मग अध्यक्ष, मग मान्यवर, सगळ्यात मागे गणपतीची गाडी.”

“मागे?” गोपाळकृष्णरावांचा चेहरा तिथल्या तिथे उतरला. “आम्ही?”

“गणपतीही मागेच आहे की!”

“गणपतीचं ठीक आहे हो. त्याचे आजोबा चोपदार नव्हते.”

पण सभेनं हात वर केले. एकदा मागे गेलेला माणूस पुन्हा पुढे येत नाही, हे सात पिढ्यांच्या चोपदाराला कोणी सांगायला नको होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणजे दुसऱ्यांदा जेवले नाहीत.

सकाळी उठले ते निश्चय करूनच. पाय मागे राहिले तर राहोत, वर्दी पुढे गेली पाहिजे. ते विनोदिनीबाईंना घेऊन नानाखेड्याच्या रस्त्यावर भेरूलाल मिस्त्रीकडे गेले. भेरूलालच्या कडुनिंबाला पानं कमी आणि सायलेन्सर जास्त लटकलेले असायचे. वाऱ्यात ते एकमेकांवर आपटायचे आणि भेरूलाल त्याला धंद्याची भरभराट म्हणायचा.

“हुकम, ये देखो,” त्यानं पहिला लावला. “गोरे साब की लॉरी का माल.”

गाडी चालू झाली. एखाद्या सभ्य माणसानं रुमालात खोकावं तसा आवाज आला.

“ये तो शरीफ आदमी की आवाज है, हुकम.”

“शरीफ माणूस आला काय, गेला काय! काढ.”

दुसरा तांबटाकडून बंबाच्या पत्र्याचा घडवून घेतलेला होता. तो बुडबुडायचा. “हे छान आहे,” विनोदिनीबाई म्हणाल्या, “अगदी तुमचं जेवण झाल्यासारखं वाटतंय.” तोही निघाला.

मग भेरूलालनं आजूबाजूला बघितलं आणि गोणपाटाखालून ठेवणीतली चीज काढली. मोडलेल्या बँडपार्टीचा भला मोठा पितळी कर्णा, मागे तोफेच्या नळीएवढा पाइप. लावला, गाडी सुरू केली, आणि कडुनिंबावरचे कावळे जे उठले ते थेट इंदूरला उतरले. त्यांनी तिथंच संसार थाटले. इंदुरात कावळे फार, त्याचं कारण हेच. दोन गल्ल्यांपलीकडे एक म्हातारा पेन्शनर सुभेसाहेब आले समजून धोतर सावरत दारात येऊन मुजरा करू लागला.

गोपाळकृष्णरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आजोबा,” ते पुटपुटले.

“याला सायलेन्सर म्हणायचं?” विनोदिनीबाईंनी कानातली बोटं न काढताच विचारलं.

“बसवला म्हणजे झालं. लेल्यांनी बसवा म्हटलं होतं, गप्प करा नव्हतं म्हटलं.”

भेरूलाल कर्ण्याचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला धरून खुणा करू लागला. गोपाळकृष्णराव उसळले.

“मागे? अरे, चोपदार मागून ओरडतो काय? मालक निघून गेल्यावर? नळी पुढून काढ!”

“हुकम, आवाज के साथ धुआँ भी...”

“धुराचं धूर बघून घेईल.”

“जैसा हुकम. दुनिया पीछे से निकालती है, आप आगे से निकालो. अपना क्या जाता है?” आणि त्यानं कर्णा दोन दिव्यांच्या मधे असा पक्का जोडला, की तो काढायचा तर आधी इंजिन काढावं लागलं असतं.

“पुढे माणसं चालणार आहेत, हे ध्यानात आहे ना?” विनोदिनीबाईंनी विचारलं. गाडी चालू होती. ऐकू आलं नाही. किंवा आलं असेल.

अनंत चतुर्दशीला मिरवणूक निघाली. पुढे लेझीमचं पथक, मग पांढरं धोतर आणि पांढरा अंगरखा घातलेले अध्यक्ष, तसेच पांढरेशुभ्र मान्यवर, हातात घड्याळ धरून विनायकराव, आणि सगळ्यात मागे फुलांनी झाकलेली पिकअप. ठरल्या मिनिटाला विनायकरावांनी हात केला. गोपाळकृष्णरावांनी गाडी सुरू केली.

त्या इंजिनानं लढाईत प्यायलेलं सगळं तेल एकदम आठवलं. कर्ण्यातून असा काही धूर सुटला की मोरयाच्या गजरातला ‘मो’ ऐकू आला आणि ‘रया’ खोकल्यात गेला. फ्रीगंजच्या पुलावर मान्यवर राखाडी झाले, गोपाळ मंदिरापाशी सावळे, आणि राम घाटाच्या उतारावर ओळखू येईनासे. घाटावरचे पंडे शनीच्या यात्रेची माणसं वाट चुकून इकडे आली समजून तेल वाहण्याचे भाव सांगू लागले. पूर्ण मिरवणुकीत दोघंच स्वच्छ होते. एक गणपती, आणि दुसरे ते हाकणारे.

“चोपदार!” एका काळ्या आकृतीत विनायकरावांचे दात दिसले. “हे काय आहे?”

“वर्दी,” गोपाळकृष्णराव नम्रपणे म्हणाले.

आता मंडळाची एक जुनी रीत होती. विसर्जनाआधी अध्यक्षांनी देव आणणाऱ्याच्या हातावर नारळ ठेवायचा. तो ज्याला मिळाला, पुढच्या वर्षी देव त्याच्याच वाहनातून. हत्तीच्या काळात माहूत तो खाऊन टाकायचा, कारण दुसरा हत्ती नव्हताच. अध्यक्षांच्या डोळ्यांत काजळी गेलेली. त्यांनी सवयीनं हात पुढे केले, चाचपडले, आणि जो तळवा लागला त्यावर नारळ ठेवला.

“अहो, अहो!” विनायकराव ओरडले. पण तोवर नारळ फुटला होता आणि गोपाळकृष्णराव खोबरं वाटत होते.

पुढच्या वर्षीची सभा लांबली. नारळ परत घेता येत नव्हता, नळी निघत नव्हती. गाडी मागे ठेवावी तर सगळं मंडळ काळं. मधे ठेवावी तर कोणत्या अर्ध्याला काळं करायचं यावर भांडण. अध्यक्ष म्हणाले, या वर्षी आपण आजारी पडणार आहोत. शेवटी विनायकरावांनी डोकं दोन्ही हातांत धरून निर्णय सांगितला.

“या गाडीच्या पुढे कोणी नको.”

“म्हणजे?” गोपाळकृष्णरावांनी अगदी भोळेपणानं विचारलं.

“म्हणजे तुम्ही सगळ्यात पुढे. लागा आता.”

“मंडळाचा आग्रहच असेल तर...”

त्या चतुर्दशीला गोपाळकृष्णराव नवी पगडी घालून निघाले. शेजारी विनोदिनीबाई, मागे देव, आणि बऱ्याच अंतरावर पांढरंशुभ्र मंडळ. फ्रीगंजापासून घाटापर्यंत रस्ता रिकामा होता. दुकानांच्या फळ्या लागल्या होत्या, खिडक्या बंद होत्या, गायीसुद्धा शहाण्या होऊन गल्ल्यांत शिरल्या होत्या.

“अहो,” विनोदिनीबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या, “वर्दी देताय कोणाला? पुढे तर कुत्रंही नाही!”

“चोपदाराच्या पुढे कोणी नसतंच!” ते ओरडून म्हणाले. मग त्यांनी छाती भरून घेतली आणि आजोबांची ललकारी दिली, पूर्ण, शेवटच्या हेलापर्यंत. कर्णा इतका गर्जत होता की ती त्यांची त्यांनाही ऐकू आली नाही.

त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय आणखी दाबला.